'समजलं का?' 'होऽऽ बाई!' याच्या पुढे कसं जायचं?

खडूडस्टर

जाणकारांची मदत हवी आहे. मराठी माध्यम, सहावी, गणित आणि विज्ञान दोन्ही माझ्याकडे. पट ४८, तास ३५ मिनिटांचा.

अडचण अशी. शिकवून झालं की 'समजलं का?' विचारायचं, वर्ग एका सुरात 'हो' म्हणणार, आणि घटक चाचणीत वह्या उघडल्या की ३.७ + २.५ = ५.१२. प्रश्न विचारला तर हात वर येतात ते ठरलेल्या सात-आठ जणांचेच, बाकीचे बाकाखाली बघतात. मुलं आपणहून विचारतात ते एवढंच, 'बाई, समास सोडायचा का?'

प्रशिक्षणात सांगतात, 'विचारप्रवर्तक प्रश्न विचारा'. मान्य. पण सोमवारी सकाळी फळ्यासमोर उभं राहून नेमकं काय विचारायचं, कसं विचारायचं, आणि उत्तर आल्यावर काय करायचं? तत्त्वज्ञान नको, कृती सांगा.

पाटीपुस्तक

ताई, पहिलं म्हणजे 'समजलं का?' बंदच करा. ज्याला समजलेलं नसतं त्याला बहुतेक वेळा आपल्याला समजलेलं नाही हेच ठाऊक नसतं. ज्याला ठाऊक असतं तो ४७ जणांसमोर 'नाही' म्हणणार नाही. म्हणजे 'हो' या उत्तरातून तुम्हाला काहीच कळत नाही.

त्याऐवजी असा प्रश्न हवा की त्याचं चुकीचं उत्तरसुद्धा काहीतरी सांगून जाईल. दशांश अपूर्णांकांचंच घ्या. फळ्यावर तीन जोड्या लिहा आणि म्हणा, 'प्रत्येक जोडीतली मोठी संख्या लिहा, सारख्या असतील तर बरोबरचं चिन्ह करा':

क) ०.४५ आणि ०.६
ख) ०.७५ आणि ०.५
ग) ०.३ आणि ०.३०

उत्तरं साधारण तीन तऱ्हांची येतात. ०.४५, ०.७५, ०.३० असं लिहिणारं मूल दशांश चिन्हानंतरचा भाग पूर्ण संख्येसारखा वाचतंय. त्याच्या लेखी पंचेचाळीस सहापेक्षा मोठे. ०.६, ०.५, ०.३ असं लिहिणाऱ्याने अर्धवट ऐकलंय की शतांश दशांशापेक्षा लहान असतो, म्हणून जितके अंक जास्त तितकी संख्या लहान असा त्याचा हिशेब आहे. ०.६, ०.७५ आणि सारख्या, हे बरोबर.

आता गंमत बघा. नुसती 'क' जोडी विचारली असती तर दुसऱ्या गटातलं मूल 'बरोबर' आलं असतं, चुकीच्या कारणाने. नुसती 'ख' विचारली असती तर पहिल्या गटातलं. बहुतेक स्वाध्यायांत एकाच जातीची उदाहरणं ओळीने येतात, म्हणून हे वर्षानुवर्षं झाकलेलं राहतं. त्यामुळे जोड्या निवडणं हीच खरी तयारी, आणि ती घरी पाठ टाचण काढतानाच करायची. वर्गात ऐनवेळी असा प्रश्न सुचत नाही.

उत्तर कसं घ्यायचं: हात वर करायला लावू नका. पाट्या मागवा. हो, त्याच दगडी किंवा पत्र्याच्या. अजून मिळतात. नसतील तर जुन्या वहीचं शेवटचं पान 'उत्तरपान' म्हणून ठेवा आणि ठळक, मोठ्या आकड्यांत लिहायला सांगा. ओघ असा ठेवा:

१. प्रश्न फळ्यावर लिहा. नुसता तोंडी नको, मागच्या बाकापर्यंत निम्माच पोचतो.
२. एक मिनिट. कुणीही बोलायचं नाही, तुम्हीसुद्धा नाही. याच वेळात आपण खुलासे करत बसतो आणि तिथेच उत्तर फुटतं.
३. लिहून झालं की पाटी छातीशी पालथी धरायची.
४. 'पाट्या वर' म्हटलं की सगळ्यांच्या एकदम वर. एकेकाची वर यायला लागली की उशिराचे लोक हुशार मुलीची पाटी बघून पुसतात.
५. रांगेने नजर फिरवा. ४८ उत्तरं वाचायची नाहीत, फक्त 'ख' बघा, मग 'क'. दोन नजरांत तिन्ही गट वेगळे होतात.

बरोबर कोण, चूक कोण हे लगेच जाहीर करू नका. 'इथे मला तीन वेगळी उत्तरं दिसतायत' एवढंच म्हणा आणि तिन्ही फळ्यावर मांडा, नावं न घेता.

पुढचा उपचार गटाप्रमाणे बदलतो. पहिल्या गटासाठी शंभर चौकोनांची जाळी: ०.६ म्हणजे सहा उभ्या पट्ट्या, साठ चौकोन, आणि ०.४५ म्हणजे पंचेचाळीस. दुसऱ्या गटाला शिंप्याची टेप द्या: ०.७५ मीटर कुठे येतो, ०.५ कुठे. आणि वाचताना 'शून्य पूर्णांक पंचेचाळीस' म्हणायची सवय असेल तर ती सोडा, 'चार पाच' म्हणा. निम्मा घोळ कानातून आत शिरतो.

रुपये-पैशांचं उदाहरण सगळेच देतात, पण जपून. ०.६ रुपये हे मुलं सहा पैसे वाचतात, म्हणजे पहिली चूक आणखी पक्की. शिवाय पैशांवर भिस्त ठेवणाऱ्यांना ४.४५ आणि ४.४५०२ सारख्याच वाटतात, कारण दोन घरांपुढे त्यांच्या जगात काही नसतंच. वरच्या तिन्ही जोड्या बरोबर सोडवणाऱ्यांना ही चौथी जोडी द्या, त्यांनाही काम लागेल.

५.१२ साठी वेगळा प्रश्न: 'उभी मांडणी न करता सांगा, ३.७ + २.५ हे ६ पेक्षा जास्त की कमी? कसं ठरवलं?' ३.७ मध्ये ०.३ घातले की ४ होतात, हे ज्याला दिसतं तो ५.१२ लिहीत नाही.

मागचा_बाक

वरच्या प्रतिसादाला +१. थोडी भर.

आपल्याकडची खास पद्धत म्हणजे शेपूट सोडून देणं. 'वनस्पती अन्न कशाच्या मदतीने तयार करतात? सूर्यप्रकाऽऽ?' 'शाच्याऽऽ!' वर्ग दुमदुमतो, तपासणीला आलेले साहेब खूष. मुलांनी दिलं काय, तर दोन अक्षरं. सूर्यप्रकाश नेमकं काय करतो, मग पाण्याचं काय, हवेचं काय, काहीच विचारलं गेलं नाही. एका तासाचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून घरी ऐका आणि मोजा: किती प्रश्नांचं उत्तर एका शब्दात आलं, आणि किती उत्तरांचा अर्धा भाग प्रश्नातच होता.

दुसरं, थांबणं. मेरी बड रो या अमेरिकी विज्ञान-शिक्षणाच्या अभ्यासक बाईंनी १९७० च्या दशकात वर्गांची ध्वनिमुद्रणं तपासली. प्रश्न विचारून झाल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंद थांबत आणि मग स्वतः बोलू लागत, किंवा दुसऱ्याला उठवत. हे थांबणं तीन सेकंदांवर नेलं तेव्हा उत्तरं लांब झाली, 'माहीत नाही' कमी झालं, आणि मुलांचे स्वतःचे प्रश्न वाढले. तीन सेकंद कागदावर काहीच नाहीत, वर्गात ते युगासारखे वाटतात. उपाय: प्रश्न विचारला की खडू खाली ठेवा आणि तिसऱ्या बाकापर्यंत चालत जा. तेवढ्यात होतात. मात्र 'सात आठे किती' याला थांबायची गरज नाही. ते येत असतं किंवा नसतं.

थांबायची दुसरी जागा कुणी सांगत नाही: उत्तर आल्यानंतर. मुलीने उत्तर दिलं, तुम्ही 'शाब्बास, बरोबर' म्हणालात की उरलेल्या ४७ जणांचा विचार तिथेच थांबला. चेहरा कोरा ठेवा, दोन-तीन सेकंद जाऊ द्या. पुष्कळदा तीच मुलगी पुढे 'कारण...' जोडते.

आणि एक खाच. उत्तर चुकलं की आपण 'नक्की?' म्हणतो, बरोबर असलं की म्हणत नाही. आठवडाभरात मुलं शिकतात की 'नक्की?' म्हणजे चुकलं, उत्तर बदला. म्हणून बरोबर उत्तरालाही तितक्याच कोरेपणाने 'कशावरून?' विचारा.

नाव आधी घ्यायचं नाही. 'राहुल, सांग...' म्हटलं की राहुल सोडून सगळे सुटले. आधी प्रश्न, मग थांबणं, मग नाव. नाव कुणाचं, हे ठरवायला आइस्क्रीमच्या काड्यांवर हजेरी क्रमांक लिहून डब्यात ठेवा. काढलेली काडी परत डब्यातच टाका, बाजूला ठेवली तर तो गडी दिवसभर निवांत.

गणूमास्तर

वाचायला छान आहे सगळं. पण ४८ पोरं, ३५ मिनिटं, त्यातली पाच हजेरीत आणि शांत करण्यात. वर शालेय पोषण आहार, ऑनलाइन माहित्या, सर्वेक्षणं. पाट्या वर-खाली करत बसलो तर पोर्शन कोण संपवणार? आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, परिशिष्टात सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक शिक्षक म्हटलंय, ते आधी द्या म्हणावं.

आणि काडी काढून नाव आलं की लाजरं मूल उभं राहून रडकुंडीला येतं, त्याचं काय?

पाटीपुस्तक

गणूमास्तर, संख्येबद्दलची तक्रार रास्तच. पण हिशेब मांडा. पाटीच्या एका फेरीला लिहायला एक मिनिट, वर धरून बघायला अर्धं, बोलायला दोन. साडेतीन-चार मिनिटं. दिवसाला एकच फेरी, तासाच्या साधारण मध्यावर, जिथून पुढचा भाग या मुद्द्यावर उभा आहे तिथे. शेवटच्या पाच मिनिटांत विचारून उपयोग नाही, कारण चूक दिसली तरी घंटा झालेली असते. आणि मी प्रश्न वाढवा म्हणतच नाही. तासाला चाळीस फुटकळ प्रश्न जातात ते दहावर आणा, वेळ तिथूनच निघेल.

फेरीनंतर काय करायचं हे आधीच ठरवून ठेवा, नाहीतर उत्तरं बघून आपण ठरलेलंच शिकवत राहतो. माझा अंदाजपंचे नियम: चार-पाच जण चुकले तर पुढे जा, त्यांना मुलांच्या स्वाध्यायाच्या वेळी एका बाकावर घ्या. पाव वर्गापेक्षा जास्त चुकला तर थांबा, दुसऱ्या मार्गाने शिकवा. निम्मा-निम्मा वर्ग फुटला तर तुमची चांदी: शेजाऱ्याचं उत्तर वेगळं असेल तर त्याला दोन मिनिटांत पटवून द्या म्हणावं, मग पुन्हा पाट्या. इथे तुम्ही शिकवायचंच नाही.

लाजऱ्या मुलाचं: काडी येण्याआधी प्रत्येकाने पाटीवर लिहिलेलं असतं. त्याला उभं राहून सुचवायचं नसतं, लिहिलेलं वाचायचं असतं. आधी अर्धा मिनिट शेजाऱ्याशी बोलू द्या, मग 'तुमच्या बाकाचं काय ठरलं?' विचारा. चूक निघाली तर ती बाकाची, एकट्याची नाही.

नोंदींचं म्हणाल तर आकारिक मूल्यमापनात 'तोंडी काम' हे साधन आहेच. पाटीच्या फेरीत कोण कुठल्या गटात होतं ते हजेरी क्रमांकापुढे एका अक्षराने लिहिलं की महिनाअखेरीला आठवून रकाने भरावे लागत नाहीत.

तिथीवार

विज्ञानाबद्दल लिहितो, आणि एक मतभेद नोंदवतो.

प्रशिक्षणांत ब्लूम या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञाची १९५६ ची उतरंड (खाली माहिती आठवणं, वर विचार करणं अशा पायऱ्या) दाखवून 'का' आणि 'कसे' हे वरच्या पायरीचे प्रश्न असं शिकवतात. 'का'ने सुरू झालेला प्रश्न विचारप्रवर्तक असतोच असं नाही. 'अमावास्येला चंद्र का दिसत नाही?' याचं उत्तर पाठ करून लिहिता येतं. उलट 'चंद्रग्रहण कोणत्या तिथीला लागतं?' हा निव्वळ माहितीचा, खालच्या पायरीवरचा प्रश्न. पण योग्य जागी टाकला तर तोच वर्ग हलवतो.

बघा कसं. आधी पर्याय देऊन पाटीवर उत्तर घ्या. अमावास्येला चंद्र दिसत नाही, कारण: (अ) त्याच्यावर पृथ्वीची सावली पडते, (ब) त्याची उजळलेली बाजू आपल्याकडे नसते, (क) तो पृथ्वीच्या मागे जातो. 'अ' ला भरपूर मतं पडतात, मोठ्या माणसांतही. इथे 'चूक' म्हणू नका. विचारा, 'पृथ्वीची सावली चंद्रावर पडते त्याला काय म्हणतात?' ग्रहण. 'चंद्रग्रहण कोणत्या तिथीला?' ज्यांच्या घरी ग्रहण पाळतात किंवा भिंतीवर तिथीचं कॅलेंडर आहे ती मुलं सांगतात: पौर्णिमेला. 'मग पृथ्वीची सावली पौर्णिमेच्या बाजूला पडते की अमावास्येच्या?' आणि थांबा. मुलांनीच सांगितलेल्या दोन गोष्टी एकमेकींना धडकतात. त्यानंतर चेंडू आणि बॅटरी बाहेर काढा. आधी काढलीत तर ती फक्त करमणूक.

पर्यायांतली चुकीची उत्तरं मुलांच्या तोंडून आलेलीच हवीत. 'ढग असतात म्हणून' असा पर्याय घातलात तर तो कुणीच निवडत नाही, एक पर्याय वाया. मागच्या वर्षीच्या उत्तरपत्रिका हा यासाठी खजिना आहे, रद्दीत घालू नका.

जाता जाता. प्रश्नांनी शिकवणं म्हटलं की सॉक्रेटिसचं नाव निघतं. प्लेटोच्या 'मेनो' संवादात तो एका गुलाम मुलाला भूमिती शिकवतो: दोन फूट बाजूच्या चौरसाच्या दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस काढायचा. त्यातली मुलाची बहुतेक उत्तरं 'हो', 'तसंच', 'दिसतंय खरं' अशीच आहेत, आपल्या 'हो बाई'ची सख्खी भावंडं. खरं काम होतं ते दोनच जागी, जिथे त्याला आकडा द्यावा लागतो. आधी तो म्हणतो बाजू चार फूट, तर क्षेत्रफळ १६ निघतं. मग तीन, तर ९. हवे असतात ८. आपलं अडलंय हे तिथे त्याचं त्यालाच दिसतं, आणि मग कर्णाकडे जायची वाट मोकळी होते.

झाकोळ

मुलांच्या स्वतःच्या प्रश्नांबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून.

मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात (१९७२ साली १६ शाळांत सुरू, २००२ मध्ये सरकारने बंद केला) 'सवालीराम' नावाचं एक काल्पनिक पात्र होतं. मुलं त्याला पत्र लिहून प्रश्न विचारायची आणि त्याच्या नावाने उत्तर यायचं. यातली मेख अशी की प्रश्न शिक्षकाला विचारायचा नसतो. 'एवढंही येत नाही?' ही भीती तिथे संपते. वर्गात हेच करता येतं: बुटांचा खोका, वर फट, चिठ्ठीवर नाव लिहायचं नाही.

प्रश्नपेटी मरते ती उत्तराअभावी. पंधरा दिवस कुणी उघडली नाही की तिच्यात चॉकलेटचे कागद सापडतात. म्हणून वार ठरवा, शुक्रवारची शेवटची दहा मिनिटं, आणि दर वेळी दोनच चिठ्ठ्या. उरलेल्या भिंतीवर लावा, कुणाला उत्तर सापडलं तर खाली चिकटवेल. थिल्लर चिठ्ठी निघाली तर न वाचता बाजूला ठेवा, चौकशी बसवू नका.

आणि लगेच उत्तर देऊ नका. प्रश्न करून बघता येईल असा वळवा. नेहमी येणारा प्रश्न: 'गार पाण्याचा पेला बाहेरून ओला का होतो?' वर्गात दोन पक्ष पडतात: पाणी आतून झिरपतं, किंवा बाहेरून येतं. 'झिरपत असेल तर ते तपासायला आत काय भरू या?' थोड्या वेळात कुणीतरी रंग म्हणतंच. स्टीलच्या पेल्यात बर्फ घालून कोकम सरबत भरा, झाकण ठेवा, दहा मिनिटं थांबा. बाहेरचे थेंब पांढऱ्या रुमालाने टिपा: रंग नाही, चव नाही. पेला आधी बाहेरून पुसून कोरडा करा, नाहीतर ओतताना सांडलेला ओघळ रुमालावर उतरतो आणि झिरपवाले जिंकतात.

एखादं चलाख पोर म्हणेल, 'रंग आत गाळला गेला असेल.' झकास शंका. मग झाकलेला पेला डिजिटल काट्यावर ठेवा. पाणी आतून आलं असेल तर वजन तेवढंच राहील, बाहेरून आलं असेल तर वाढेल. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा चालतो, पण पेला मोठा घ्या. कोकणात जुलैत वाढ पटकन दिसते. विदर्भात मेमध्ये हवा इतकी कोरडी की थेंब फार कमी धरतात, तेव्हा हा प्रयोग पावसाळ्यावर ढकला.

खडूडस्टर

सगळ्यांचे आभार. तीन जोड्यांपासून सुरुवात करते. पाट्या सगळ्यांकडे नाहीत, वहीचं शेवटचं पान वापरीन. एकच शंका: एका बाकावर तिघं बसतात, वही छातीशी धरेपर्यंत शेजारी सगळं बघून घेतात. फेरीचा अर्थच जातो. काय करावं?

पाटीपुस्तक

दोन संच करा. बाकावर मधल्याला एक, कडेच्या दोघांना दुसरा. कडेचे दोघे एकमेकांचं बघू शकत नाहीत, मधला मध्ये असतो. दुसरा संच: ०.३८ आणि ०.५, ०.९२ आणि ०.७, ०.४ आणि ०.४०. जात तीच, आकडे वेगळे. दोन्ही संच फळ्यावर डावी-उजवीकडे लिहा, मध्ये उभी रेघ. वह्या वर आल्या की आधी फक्त मधल्यांच्या बघा, मग कडेच्यांच्या. कडेच्याच्या पानावर ०.४५ दिसलं, तर ते कुठून आलं हे विचारावं लागत नाही.

पहिल्या दिवशी दोन संच नकोत मात्र. पहिल्या फेरीला पान कधी वर करायचं, कधी पुसायचं याचाच गोंधळ असतो. 'तुमच्या आवडीची भाजी लिहा' असा प्रश्न देऊन एकदा नुसती रंगीत तालीम घ्या, दशांश दुसऱ्या दिवशी.